बांगड्यांच्या दुकानामागचा सबवूफर

मी संग्रामपूरला आठवी ते दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. हे आधी सांगून टाकते, कारण माझं दुसरं काम कळलं की लोक पहिल्यावर विश्वास ठेवत नाहीत. दुसरं काम म्हणजे मी डीजे आहे. मिरवणुकीत स्पीकरची भिंत रचून गावाच्या खिडक्या हलवणारे वेगळे. मी फक्त बायकांच्या कार्यक्रमांत वाजवते. मेंदी, हळद, डोहाळजेवण, आणि एकदा तर एका अंगणवाडीताईंच्या निवृत्तीला.

हे सगळं निघालं माझ्या मैत्रिणीच्या डोक्यातून. आम्ही अकरावी-बारावीला एका बाकावर बसायचो. ती वरवट बकालची. तिच्या वडिलांचं तिथं बांगड्यांचं दुकान आहे, मी त्यांना चाचा म्हणते. मैत्रीण स्वतः लग्नघरी जाऊन मेंदी काढते. एकदा माझ्या हातावर कोन चालवता चालवता ती म्हणाली, "तुले एक गंमत सांगू का? डीजेवाला पोरगा आंगणात उभा राह्यला का साऱ्या बाया भिंतीले टेकून बसतेत. पाय वाजून राह्यतेत, पण उठत कोणी नाही. मग तो गेला का आतल्या खोलीत जाऊन नाचतेत. बिनागाण्याच्या."

"मग?"

"मग काय. तू होस्टेलमध्ये वाजवत होती ना? अठी वाजव."

अकोल्याच्या होस्टेलमध्ये मी गॅदरिंगला गाणी जोडायचे, तेवढाच माझा अनुभव. पण ती बोलायला लागली की आधी हो म्हणून होतं आणि मग विचार करता येतो. मी शिकाऊ लोकांसाठी असतो तसा गाणी जोडायचा लहान कंट्रोलर घेतला, जुना लॅपटॉप साफसूफ केला, आणि दोन छोटे स्पीकर घेतले. एका हातात एक मावेल असे. आमच्या माडीवरच्या खोलीत ते इतके गोड वाजले की आईसुद्धा कणीक मळता मळता दारात येऊन उभी राहिली. "चांगलं वाजून राह्यलं," ती म्हणाली. मग कणकेचे हात झटकत, "पण लोकाईले काय सांगू? पोरगी काय करते?"

"शिकवण्या घेते सांग. खोटं थोडीच आहे."

पहिला कार्यक्रम मैत्रिणीच्या आतेबहिणीच्या मेंदीचा. अंगण भरून बाया, वर मांडव, चारी बाजूंनी कनाती. मी गाणं सुरू केलं आणि माझ्या लक्षात आलं की खोली वेगळी आणि अंगण वेगळं. खोलीत भिंती असतात, आवाज परत येतो. इथं तो कनातीतून जो बाहेर गेला तो गेलाच. गाणारीचा आवाज ऐकू येत होता, टाळी ऐकू येत होती, पण ज्याच्यावर पाय पडतो तो ठोका कुठंच नव्हता. मी आवाज वाढवला तर स्पीकर चिरकायला लागले. कुणीतरी मागून विचारलं, "मोबाइल लावला का व?" शेवटी नवरीच्या मावशीनं आतून पितळी परात आणली, उलटी करून मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी बडवायला सुरुवात केली. सगळ्या नाचल्या. परातीवर नाचल्या. मी लॅपटॉपमागे बसून उगाच बटणं फिरवत राहिले.

परत येताना मैत्रीण म्हणाली, "आपल्यापाशी परात नाही."

परात म्हणजे सबवूफर. खालचा, जाड, पोटात जाणवणारा आवाज काढणारा डबा. लहान स्पीकरला तो आवाज झेपत नाही, त्याचा पडदाच मुळी छोटा असतो.

खामगावच्या एका मंडपवाल्यानं डीजेचं काम बंद केलं होतं आणि सामान विकायला काढलं होतं. चाचा दर आठवड्याला बाजाराच्या गावांना बांगड्या घेऊन जातात, त्यासाठी त्यांची एक व्हॅन आहे. त्या व्हॅनमधून आम्ही त्याचा अठरा इंची सबवूफर आणला. आमच्या पीठ ठेवायच्या कोठीपेक्षा मोठा. बरोबर त्याचा वेगळा अॅम्प्लिफायर, तोही असा की उचलताना कमरेची आठवण यावी. आमची खोली माडीवर, तिथं तो चढणं शक्य नव्हतं, म्हणून चाचांच्या दुकानामागच्या खोलीत ठेवला. गल्लीतली चार माणसं लागली उतरवायला.

दुपारी मी सगळं जोडलं. मधोमध तो राक्षस, दोन्ही बाजूंना माझे दोन स्पीकर. पुढं दुकानात चाचा एका बाईला बांगड्या भरून देत होते. मी गाणं लावलं.

आधी नुसती किणकिण आली. मग ती वाढली. दुकानाच्या भिंतीला दांड्यांवर ओवलेल्या काचेच्या सगळ्या बांगड्या, हिरव्या, लाल, राणी रंगाच्या, एका सुरात गुणगुणायला लागल्या. पडदा बाजूला करून पाहिलं तर त्या बाईचा हात अर्धवट बांगडीत अडकलेला आणि ती छताकडे पाहत होती.

"भूकंप होऊन राह्यला काय?" तिनं चाचांना विचारलं.

"नाही ताई, पोरी आहेत," चाचा म्हणाले. त्यांनी तिची बांगडी शांतपणे मनगटावर सरकवली आणि मग आत आले. "बेटा, चुड्या फुटतीन."

मी गाणं थांबवायला गेले तर त्यांनीच हात केला, राहू दे म्हणून. थोडा वेळ ऐकलं. "आवाज त जबरदस्त आहे. पण बाई गाऊन राह्यली का माणूस, तेच नाही समजून राह्यलं."

खरंच होतं ते. गाणारी गायबच झाली होती. माझे दोन स्पीकर ओठ हलवत होते आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. शिवाय त्या डब्याला खाली कुठं थांबायचं तेवढं माहीत होतं, वर कुठं थांबायचं ते नाही. जो सूर माझे स्पीकर काढत होते, तोच सूर तोही ओढत होता, त्यामुळे सगळं चिखलासारखं झालं होतं. मी त्याचा आवाज कमी कमी करत गेले. अगदी कुजबुजीवर आणला तेव्हा कुठं दोघांचं जमल्यासारखं वाटलं.

मैत्रीण भिंतीला टेकून बसली होती. "मले एक सांग," ती म्हणाली, "कुजबुज करायले एवढा मोठा डबा काऊन न्यायचा? आणि न्यायले चार माणसं लागतीन. बायाईच्या कार्यक्रमात चार माणसं घेऊन जायचं त आपण कशाले जायचं?"

आम्ही ठरवलं, जो सबवूफर आम्हा दोघींना उचलता येईल तोच आपला.

आम्ही तो डबा बदलून घ्यायला परत खामगावला गेलो. मंडपवाला भला माणूस, पण त्याला समजेना. "लोकं लहान देऊन मोठा नेतेत," तो म्हणाला. "तुम्ही उलट्या आल्या." मग त्यानं गोदामाच्या कोपऱ्यातून एक बारा इंची काढला. अॅम्प्लिफायर त्याच्या पोटातच बसवलेला, दोन्ही बाजूंना धरायला खाचा. धूळ झटकत तो म्हणाला, "हा कोणी नेत नव्हतं. बारशात वाजवायचा का, म्हणत."

"बारशातबी वाजवू," मैत्रीण म्हणाली.

या डब्याच्या पाठीमागे आवाजाचं बटण होतंच, पण आणखी दोन गोष्टी होत्या. एक नॉब, सबवूफरनं वरच्या बाजूला कुठपर्यंत गायचं ते ठरवणारा. आणि एक छोटा स्विच, ज्याचा उपयोग मला बरेच दिवस कळलाच नाही. दुपारी दुकान जेवणासाठी बंद असायचं, तेव्हा आम्ही मागच्या खोलीत बसायचो. मी एक जुनं गाणं निवडलं होतं, ज्याच्या सुरुवातीला बास गिटार जिना उतरल्यासारखी एकेक सूर खाली येते. ते गाणं आम्ही इतक्या वेळा लावलं की शेजारचा किराणावाला ते शिट्टीवर म्हणायला लागला.

नॉब फार वर ठेवला की गाणारा जमिनीखाली जाऊन बसल्यासारखा वाटे, कारण त्याच्या आवाजातला जाडपणा सबवूफरमधून यायचा आणि बाकीचा वरच्या स्पीकरमधून. नॉब फार खाली नेला की जिन्याची एक पायरी गायब. दोन सूर ऐकू यायचे, तिसरा कुठं गेला पत्ता नाही, मग चौथा. ती पायरी दोघांपैकी कुणीच वाजवत नव्हतं. आम्ही नॉब केसभर इकडे, केसभर तिकडे करत राहायचो. मैत्रीण डोळे मिटून ऐकायची आणि बोट वर करायची. तिला स्पीकरमधलं काही कळत नाही असं ती आजही म्हणते, पण मेंदीच्या कोनातून रेघ कुठं तुटली ते तिला न बघता कळतं, तसंच काहीसं हे असावं.

एके दुपारी सगळ्या पायऱ्या होत्या, पण मधल्या दोन अगदी पोकळ वाजत होत्या. चिडून मी तो छोटा स्विच उलटा केला. पोकळपणा गेला. नंतर वाचून समजलं की सबवूफरचा पडदा बाहेर येत होता तेव्हा माझ्या स्पीकरचे पडदे आत जात होते. दोघं एकमेकांचं काम पुसून टाकत होते. स्विचनं ते दोघं एका दमात श्वास घ्यायला लागले. एका खास सुराला मात्र हिरव्या बांगड्यांची एक दांडी अजूनही गुणगुणायची. सबवूफर कोपऱ्यातून काढून खोलीच्या मध्याकडे सरकवला, ती दांडीही गप्प झाली. मैत्रिणीनं मला मिठी मारली. त्या भरात तिच्या हातावर सरावासाठी काढलेली ओली मेंदी माझ्या पाठीवर उमटली, तो कुर्ता मी अजून वापरते.

त्यानंतर आसपासचे दोन-तीन कार्यक्रम बरे झाले आणि साखरखेर्ड्याहून बोलावणं आलं. मैत्रिणीच्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या, ओळखीतलं व्यापारी घर, मुलीची मेंदी. चाचा म्हणाले, "एवढ्या लांब मी नेतो." खामगाव सोडून घाट चढून चिखलीवरून आम्ही गेलो. मागे सबवूफर, त्याच्यावर गोधडी, आणि दोन्ही स्पीकर आमच्या मांड्यांवर.

नवरीची आई दारातच भेटली. उंच, कडक चेहऱ्याची बाई. तिच्या दोन अटी होत्या. "फोटो कुणीच काढायचा नाही. सगळ्यांचे मोबाइल या टोपल्यात. तुमचे पण." आम्ही टाकले. मैत्रिणीनं लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "टिकली दे तुही." मी कपाळावरची टिकली काढून दिली, तिनं ती लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटवली. नवरीच्या आईला ते आवडलं असावं, पण चेहरा हलला नाही. "दुसरं म्हणजे," ती म्हणाली, "बाजूच्या घरात गुरुजी आहेत. मोठं ऑपरेशन झालंय त्यांचं. भिंतीला भिंत आहे. त्यांच्याकडं आवाज गेला तर मी मधेच बंद करायला लावीन."

चाचा बाहेर गल्लीत पुरुषमंडळींबरोबर बसले. आत अंगण चांगलं मोठं होतं, उंच भिंतींचं. मी एका भिंतीजवळ सबवूफर ठेवला, स्पीकर स्टँडवर चढवले आणि हळू आवाजात पहिलं गाणं लावलं. बाया उठायला लागल्या. मैत्रीण ओढणी सारखी करून बाहेर गेली आणि लगेच परत आली.

"मी गुरुजीच्या भिंतीले कान लावला," ती माझ्या कानात म्हणाली. "गाण्याचा शब्दबी नाही येत. पण धम धम येऊन राह्यलं. बाटल्या वाजतीन औषधाच्या."

वरचा आवाज भिंतीला अडतो, खालचा अडत नाही. तो जमिनीतून, भिंतीतून सरळ चालत जातो. मी सबवूफर उतरवला. आणखी उतरवला. ती परत जाऊन आली, मान हलवली. आणखी उतरवला, तोपर्यंत अंगणातल्या बाया एकेक करून खाली बसल्या. कुणी तक्रार केली नाही, बोलायला लागल्या इतकंच. नवरी हात कोपरापासून वर धरून पाटावर बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेला मला नजर देता येईना. मला परात आठवली. खरं सांगायचं तर मला घरी जावंसं वाटलं.

मैत्रीण शेजारी येऊन बसली. "भिंतीपासून काढला त?"

"काढून कुठं ठेवू? मधे सगळ्या नाचतात."

"मधेच ठेव."

मी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. आणि विचार केला तर त्यात काही चूक नव्हतं. खालचा आवाज नेमका कुठून येतोय हे कानाला कळत नाही, त्यामुळे तो समोरूनच आला पाहिजे असं काही नाही. नाचणाऱ्यांच्या अगदी जवळ ठेवला तर थोडक्यातच त्यांना पुरेल, आणि भिंतीपर्यंत जाईस्तोवर विरेल. मी नवरीच्या आईकडे गेले. "दोन गाद्या मिळतील का?"

"गाद्या? कशाला?"

"डब्याला झोपवायचंय."

तिनं मला नीट पाहून घेतलं आणि आतून दोन कापसाच्या गाद्या आणवल्या. आम्ही दोघींनी अंगणाच्या मधोमध त्या एकावर एक घातल्या, सबवूफर उचलून त्यावर ठेवला म्हणजे हादरा जमिनीत उतरणार नाही, आणि वरून फुलांची चादर टाकली. वायर चटईखालून नेली. जागा बदलली म्हणून पाठचा छोटा स्विचही परत उलटा करावा लागला. तेवढ्यात एका मुलीनं ते टेबल समजून वर सरबताचे ग्लास आणून ठेवले.

गाणं लावलं. ग्लासातलं सरबत थरथरलं. सगळ्यात जवळ बसलेल्या बाईनं छातीवर हात ठेवला, हसली आणि उठली. मग तिच्या शेजारची. बघता बघता त्या चादरीभोवती गोल झाला. मैत्रीण बाहेर जाऊन आली तेव्हा तिला माझ्यापर्यंत यायला वाट मिळेना. तिनं लांबूनच दोन्ही हात हलवून सांगितलं, काही नाही, काहीच नाही. नवरी ओल्या मेंदीचे हात वर धरून मधे आली आणि नुसत्या खांद्यांनी आणि पायांनी अशी नाचली की तिच्या बहिणींनी बाजूला होऊन तिला जागा दिली. असरची, म्हणजे दुपार उतरतानाची, अजान झाली तेव्हा मी गाणं थांबवलं. सगळ्यांनी डोक्यावर पदर, ओढण्या घेतल्या, पाणी प्यायलं, घाम पुसला, आणि अजान संपल्यावर थोड्या वेळानं आम्ही पुन्हा सुरू झालो.

मग दाराची कडी वाजली. बाजूच्या घरातल्या काकू, गुरुजींच्या पत्नी, दारात उभ्या होत्या. मी आवाज खाली केला. नाचणाऱ्या जागच्या जागी थांबल्या आणि नवरीच्या आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही.

काकू मात्र गोंधळल्या होत्या. "कार्यक्रम आहे ना?" त्या म्हणाल्या. "दुपारपासून वाट बघतेय मी. काहीच ऐकू येईना. गुरुजी म्हणाले, जा, बघून ये, पोरीच्या मेंदीत काही अडचण तर नाही आली."

"तुम्हाला त्रास नको म्हणून..." नवरीची आई म्हणाली.

"कसला त्रास. गोळी घेऊन झोपलेत ते आता. मी आंघोळ करून, साडी नेसून बसलेय."

आधी कोण हसलं ते माहीत नाही. काकूंना दोन मुलींनी हाताला धरून आत आणलं. मी आवाज परत वर नेला. त्या चादरीजवळ आल्या, ग्लास बाजूला करून डब्यावर तळहात टेकवला आणि झटकन मागे घेतला. "यात काय आहे गं?" मग पुन्हा टेकवला आणि तसाच ठेवून हळूहळू डोलायला लागल्या. थोड्या वेळानं त्यांनी पदर कमरेला खोचला आणि नवरीच्या आईचे दोन्ही हात धरले. तो कडक चेहरा पहिल्यांदा सुटला. त्या दोघींनी फुगडी घातली, गाण्याच्या ठेक्याशी तिचा काही संबंध नव्हता, आणि मी चटकन दुसरं गाणं जोडून ठेका त्यांच्या फुगडीपाशी नेला. डीजेचं खरं काम काय असतं ते मला त्या क्षणी थोडंसं कळलं असं वाटतं. माझे डोळे भरून आले होते, पण तिथं माझ्याकडे पाहायला कुणाला फुरसत नव्हती.

निघताना नवरीच्या आईनं आमच्याबरोबर सामान उचलायला हात लावला. "धाकटीच्या वेळेला पण तुम्हीच," एवढंच ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर चिखलीच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. ऊन उतरलं होतं. रस्त्याच्या कडेला टपरी, एक बाकडं, समोर हरभऱ्याचं शेत. मैत्रीण चाचांना सगळं रंगवून सांगत होती, गाद्या, काकू, फुगडी. ते बशीत चहा ओतून ऐकत होते.

"माझ्या नशिबात त ते जिना उतरायचं एकच गाणं," ते म्हणाले. "दुकानात ऐकून ऐकून पाठ झालं. पुरं काय वाजवता ते मी कधी ऐकलंच नाही. कसं ऐकीन, माणसाले आत येऊ देता का तुम्ही?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. टपरीवाल्याला विचारलं, त्यानं फ्रिजच्या शेजारचा प्लग दाखवला. व्हॅनचं मागचं दार उघडून मी लहान स्पीकर कडेला ठेवले, सबवूफर आतच राहू दिला, गोधडीवर. चाचांनी तरुणपणी उरुसात ऐकलेली एक कव्वाली सांगितली. ती लॅपटॉपमध्ये होती. मी आवाज बेताचा ठेवला.

हार्मोनियम सुरू झाली, मग टाळ्या, मग ढोलकीची जाड बाजू. चाचा बशी हातात धरून उभे होते. दोन ट्रकवाले चहाचे ग्लास घेऊन जवळ आले आणि टायरला टेकले. कव्वाली लांबलचक होती. संपेपर्यंत चाचांचा चहा गार झाला.

"कसं वाटलं?" मैत्रिणीनं विचारलं.

"अजून एक लाव," ते म्हणाले आणि टपरीवाल्याला सगळ्यांसाठी पुन्हा चहा सांगितला.